नर्सबाईंची नोंद कुठे करायची? पांझरेकाठच्या एका बंद झालेल्या देवळाचं प्रकरण

गावाचं नाव टाकत नाही, माणसं अजून तिथंच राहतात आणि काहींचे कागद अजून अडकलेले आहेत. साक्री तालुका, धुळे जिल्हा, पांझरेचा काठ, एवढं पुरे. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. मारुतीचं देऊळ वेगळं आणि मिशनचं देऊळ वेगळं, एसटीचा कंडक्टरसुद्धा "मिशनचं देऊळ कोण उतरणार" असंच विचारायचा. 2023 च्या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथं शेवटची उपासना झाली आणि दुपारी कुलूप लागलं. मिशनच्या देवळांचा कारभार आता ज्या संस्थेकडे आहे तिने देऊळ बंद करायला पाच जणांची कमिटी नेमली होती, त्यात मी "स्थानिक सदस्य" होतो. बालपण सगळं त्याच ओट्यावर गेलेलं, आता नोकरी धुळ्याला. काय झालं, कसं झालं, कुठे चुकलं, माझं काय चुकलं, ते सगळं लिहितोय, कारण आपल्या खानदेशात रविवारी आठ-दहा डोकी जमतात अशी आणखी देवळं आहेत आणि उद्या तिथंही अशीच कमिटी जाईल.

आधी देऊळ कसलं होतं ते सांगतो. दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, आत तीसेक माणसं बाकांवर आणि बाकीची सतरंजीवर बसतील एवढी जागा. समोर ओटा, अंगणात कडुनिंब, आणि कडुनिंबाच्या बाजूला दोन खांबांवर घंटा. मिशनची माणसं या भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले त्याच्या आसपासचा काळ. पश्चिम खानदेशात मुख्य काम स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं, ज्याला 1949 नंतर टीम (द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन) म्हणायला लागले. त्याच्या थोडं आधी, 1899-1900 ला छप्पन्याचा दुष्काळ पडून गेला होता. संवत 1956 म्हणून छप्पन्या, जुनी माणसं अजून "छपन्ना" म्हणून त्याची आठवण काढतात. आमच्या घरात असं सांगतात की आजीचे वडील त्या दुष्काळात पोरके झाले आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, मोठे झाल्यावर या गावात मास्तर म्हणून आले. म्हणजे देवळाच्या आधी शाळा होती, चिंचेखाली भरायची, आणि त्या शाळेत गावातली सगळ्या जातीची पोरं होती.

हे सांगायचं कारण असं की देऊळ कधीच फक्त आमच्या अकरा घरांचं नव्हतं. नाताळाला आमच्याकडून करंज्या-अनारशांची ताटं गावभर जायची आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाटलांच्या, सुतारांच्या घरून सांजोऱ्या आणि आमरस आमच्याकडे यायचा. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी अंगणात वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी, त्याच्या गवऱ्या कोण देणार आणि वांगी कोण देणार हे गावात महिनाभर आधी ठरलेलं असायचं, आणि देणारी निम्मी घरं देवळात कधी न आलेली. हंगामाच्या सणाला लोक बाजरीची कणसं, भुईमूग, कोंबडी, भोपळा असं अर्पण आणायचे आणि त्याचा लिलाव व्हायचा, त्या लिलावात सगळ्यात चढी बोली कायम किराणा दुकानवाले आप्पा लावायचे, एका भोपळ्याला पाचशे रुपये देताना मी स्वतः बघितलंय. श्रावणात कानबाईची मिरवणूक देवळासमोरून जायची, रविवारी सकाळी गेली तर वाजंत्री तेवढ्या टप्प्यापुरती थांबायची, असं कुणी कागदावर ठरवलेलं नव्हतं. आणि घंटा. उपासनेची घंटा वेगळी, माणूस गेला की एक एक ठोका थांबून थांबून, आणि कडब्याच्या गंजीला आग लागली की सलग. माझ्या लहानपणी दोनदा सलग वाजली आणि दोन्ही वेळा अख्खं गाव बादल्या घेऊन धावलं.

आता देऊळ रिकामं का झालं. पैसा कमी पडला हे खरं, पण ते नंतरचं. पहिलं कारण मला असं वाटतं की देवळानेच दिलेलं शिक्षण. मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली पोरं मास्तर झाली, पोरी नर्स झाल्या, कुणी भुसावळला रेल्वेत लागलं, कुणी नाशिक, कुणी पुणे. सुरत तर आम्हाला सोयीचं मोठं शहर, धुळे-सुरत हायवेवर उभं राहिलं की गाडी मिळते, त्यामुळे एक अख्खी पिढी तिकडे गेली. मी ही त्याच्यातलाच, गाव सोडून धुळ्यात राहिलेला. परदेशी मिशनरी माणसं हळूहळू परत गेली, कारभार इथल्या संस्थेकडे आला, 2011 ला गावात राहणारे शेवटचे पाळकसाहेब, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, रिटायर झाले आणि नंतर एकच पाळक सात गावं मोटारसायकलवर करायचे. महिन्यातून एक रविवार आमचा. 2020 ला लॉकडाऊन लागला आणि तो एक रविवारही गेला, परत सुरू झालं तेव्हा दोन म्हातारी माणसं घरातून बाहेरच पडेनाशी झाली होती. त्यात वाशांना वाळवी लागली. कौलं उतरवून, वासे बदलून, परत चढवायचा अंदाज गावातल्या मिस्त्रीने चार लाख वीस हजार काढला. वर्षाचं अर्पण अठरा हजाराच्या आसपास. म्हणजे बंद करायचा विचार कुणी वाईट हेतूने केला असं मी म्हणणार नाही.

चुकलं ते मोजण्यापासून. संस्थेने 2023 च्या जानेवारीत "सभासद पडताळणी" केली. दोन माणसं गाडीने आली, सभासद रजिस्टर उघडलं, घरोघर फिरली, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, तीन कुटुंबं, सात सभासद. कागदावर हे बरोबर होतं, पण खरं नव्हतं.

जानेवारीत भिलाटी रिकामी असते. नदीच्या पलीकडच्या वस्तीतली आठ भिल्ल कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोलीच्या बाजूला, आणि उन्हाळ्यात परततात. दोन माणसं आणि एक कोयता, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, ती फिटेपर्यंत येता येत नाही. ही कुटुंबं वर्षातले सहा-सात महिने उपासनेच्या रविवारी देवळात असायची, पोरांना शब्बाथ शाळेत, म्हणजे पोरांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, पाठवायची, पण ज्या महिन्यात मोजणी झाली त्या महिन्यात ती उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत राहत होती. होळीनंतर या असं मी फोनवर सांगितलं होतं, मार्चअखेर हिशोब द्यायचा आहे असं उत्तर मिळालं.

दुसरी गोष्ट नाजूक आहे पण ती लिहिल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू धर्म मानणाऱ्याला होता, 1956 ला त्यात शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजपर्यंत नाहीत. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती लोकांना ओबीसीत धरतात. आदिवासींचं तसं नाही, त्यांचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. याचा परिणाम असा की गावठाणात राहणारी चार-पाच घरं तीन पिढ्या देवळात येतात, त्यांची आजी तर बायबल बाई म्हणून, बायकांना बायबल वाचून दाखवत, गावोगाव फिरलेली, पण त्यांचं नाव रजिस्टरला नाही, कारण नाव लागलं आणि पोराच्या जातीच्या दाखल्याला कुणी ते पुढे केलं तर त्याची सीट जाते. ती माणसं येतात, बाकावर न बसता मागे सतरंजीवर बसतात, अर्पणाच्या थैलीत टाकतात, आणि कुठल्याच कागदावर नसतात. त्यांना लपवाछपवी करणारे म्हणणाऱ्या माणसाने त्या घरात एक दिवस राहून बघावं. मोजणी करणाऱ्यांना हे विचारता आलं नसतं आणि त्यांना सांगताही आलं नसतं. पण आम्हाला, म्हणजे मला, कमिटीत तोंडी सांगता आलं असतं. मी पहिल्या मीटिंगला गप्प बसलो, मला वाटलं सांगितलं तर त्या घरांनाच त्रास होईल. नावं न घेता आकडा सांगता आला असता हे मला खूप उशिरा सुचलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला नर्सबाई राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात कित्येक वर्षं नर्स होत्या, रिटायर होऊन गावात आल्या आणि नंतर वीस वर्षं गावातली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची. मोजणीवाले त्यांच्या दारात गेले आणि नाव, वय, शेवटचं प्रभुभोजन कधी घेतलं असं विचारायला लागले तेव्हा त्यांनी खाटेवरूनच विचारलं, "मोजाले उनात का भेटाले उनात?" म्हणजे मोजायला आलात का भेटायला. पाहुण्यांना अहिराणी येत नव्हती, मी मराठीत सांगितलं, आणि ते खरंच ओशाळले, चहा घेतला, प्रार्थना केली. वाईट माणसं नव्हती ती, एका दिवसात चार गावं करायची होती त्यांना.

मार्चमध्ये ठराव झाला. देऊळ बंद, सभासदांचं नाव अठ्ठावीस किलोमीटरवरच्या मोठ्या चर्चला वर्ग, इमारतीचा निर्णय नंतर. कमिटीच्या तीन मीटिंगा झाल्या आणि तिन्ही मीटिंगांत निम्म्याहून जास्त वेळ जागा आणि इमारतीवर गेला. एक गोडाऊनवाला घ्यायला तयार होता. तेव्हा मला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा बसून वाचावा लागला, म्हणून थोडक्यात इथं सांगतो, इतर गावांना उपयोग होईल. देऊळ ट्रस्टच्या नावावर असेल तर कलम 36 प्रमाणे ती जागा विकायला, बदलायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. नुसती भाड्याने द्यायची असली तरी शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने देता येत नाही परवानगीशिवाय. विश्वस्त बदलले तर कलम 22 चा बदल अर्ज नव्वद दिवसांत. हे सगळं कमिटीतल्या वकिलांना माहीत होतं, त्यांनी स्वतःच गोडाऊनवाल्याला थांबवलं, त्यांचे आभार. पण घंटा, फर्निचर, रजिस्टरं ही जंगम मालमत्ता, त्याला कलम 36 लागत नाही, ती ट्रस्टच्या साध्या ठरावावर हलवता येते. आणि नेमकं तेच झालं, ज्याला कायद्याचं कुंपण नव्हतं ते पहिलं हललं.

दफनभूमीचा विषय शेवटच्या मीटिंगला, जेवणाची वेळ झाल्यावर आला आणि "ती आहे तिथंच आहे, तिचं काय करायचंय" म्हणून संपला.

मेच्या शेवटच्या रविवारी मी पहाटेच गेलो. पाळकसाहेबांना वीस-पंचवीस माणसं अपेक्षित होती. भिलाटीतली आठही कुटुंबं आली, ऊसतोड संपवून परत आली होती, पोरांना नवीन कपडे घातलेले. सुरतेहून तीन गाड्या आल्या. सतरंजीवाली घरं सगळी आली आणि त्या दिवशी त्यांच्यातली म्हातारी पहिल्यांदा पुढच्या बाकावर बसली. ओट्यावर आप्पा, सरपंच, माजी पोलीस पाटील, भजनी मंडळाचे लोक. शंभराच्या वर माणूस असेल, आत मावत नव्हतं म्हणून दारं-खिडक्या उघडून उपासना झाली. पेटी, तबला, झांजा, आणि नारायण वामन टिळकांची गीतं. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-ओवीच्या चालीत इतकं लिहून ठेवलंय की भजनी मंडळाच्या लोकांना पहिलं कडवं ऐकलं की दुसऱ्याला टाळ धरता येतो, आणि त्यांनी धरला. कमिटीचे अध्यक्ष माझ्या बाजूला बसले होते, ते मागे वळून वळून बघत होते, मग हळूच म्हणाले, "हे सगळे कुठले?" मी म्हटलं, इथलेच. ते काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी मला फोन करून सांगितलं की हा आकडा जानेवारीत आला असता तर मी बंदचा ठराव सही करायच्या आधी परत वाचला असता. तरीही बंद झालं असतं कदाचित, छप्पर तर गळतच होतं. पण वेगळ्या तऱ्हेने बंद झालं असतं असं मला वाटतं.

उपासना झाल्यावर टेम्पो आला. बाकं, पेटी, प्रभुभोजनाचे पेले, कपाट. घंटेला दोर लावायला लागले तेव्हा ओट्यावरून आप्पा उठले, आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, "घंटा गावनी शे, ती आठेच ऱ्हाई." म्हणजे घंटा गावाची आहे, ती इथंच राहील. सरपंच त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. अध्यक्षांनी दोर सोडायला सांगितलं. जी घंटा आम्ही देवळाची धरून यादीत लिहिली होती ती देवळात न येणाऱ्या माणसाने अडवली, आणि आम्ही आतली माणसं बघत उभी होतो, हे मला अजून आठवतं.

पण रजिस्टरं गेली. चार होती, बाप्तिस्मा, लग्न, दफन आणि सभासद. सगळ्यात जुनं शाईचं, पानं पिवळी पडलेली, मास्तरांच्या वळणदार अक्षरातलं. हस्तांतरणाच्या कागदावर स्थानिक सदस्य म्हणून माझी सही आहे. झेरॉक्स न काढता, फोटो न काढता मी सही केली. शहरातल्या कार्यालयात सुरक्षित राहतील म्हणाले, आणि मला ते पटलं, आमच्या कपाटातही वाळवी होतीच. मी फक्त एवढं विसरलो की रजिस्टर लागतं ते जिथं माणूस आहे तिथं. पंधरा दिवसांत एका मावशींना श्रावणबाळ योजनेच्या अर्जाला वयाचा पुरावा हवा झाला. शाळेत कधी गेल्या नाहीत, आधारवर कुणीतरी अंदाजाने 1 जानेवारी टाकून वय सहा वर्षं कमी लावलेलं. त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद, आईबापाच्या नावासकट, जन्मतारखेसकट, त्या पिवळ्या रजिस्टरात होती हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते रजिस्टर कार्यालयातल्या कुठल्या पेटीत आहे हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, सापडायला सव्वा महिना लागला आणि मावशींचा मुलगा तीन खेपा घालून आला, प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडवून.

सप्टेंबरमध्ये नर्सबाई गेल्या. त्या आधी ऑगस्टमध्ये मी भेटायला गेलो होतो तेव्हा हात धरून विचारलं होतं, "माले माटी कोन देई रे भाऊ?" मी म्हटलं आम्ही सगळे आहोत ना. बोलून गेलो खरा, पण तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं.

पहाटे चारला फोन आला. पाऊस लागून राहिलेला. मी धुळ्याहून निघालो, वाटेत ज्यांच्याकडे नाव वर्ग झालं त्या चर्चच्या पाळकांना फोन लावला, त्यांच्याकडे त्याच दिवशी दुसऱ्या गावात लग्न होतं, संध्याकाळी पाचपर्यंत पोचतो म्हणाले. नर्सबाईंची दोन्ही मुलं सुरतेला, ती नऊला पोचली. गावात शिरताना घंटा ऐकू आली, एक ठोका, थांबा, एक ठोका. आप्पांचा नातू वाजवत होता, त्याचा जन्म नर्सबाईंच्याच हातचा.

दफनभूमी नदीकडच्या वाटेला आहे, अकरा गुंठे. कुंपण कधीच पडलेलं. बाजूच्या शेताचा मालक आता बदललाय, जुन्या मालकाने पोरांना ओळखून वाट सोडलेली होती, नव्याला काहीच माहीत नाही आणि त्याने वाटेवर बाजरी पेरलेली. तो वाईट माणूस नाही, उताऱ्यावर वाट नाही म्हणाला, आणि खरंच नव्हती. जमिनीच्या सातबाऱ्यावर दफनभूमी पोटखराबा वर्ग ब मध्ये दाखवलेली असायला पाहिजे, सार्वजनिक वापराची जागा म्हणून, जुन्या उताऱ्यावर तशी होतीही, मधल्या कुठल्यातरी फेरफारात ती नोंद गळाली आणि आमच्यापैकी कुणीही वीस वर्षांत उतारा काढून बघितला नाही. देवळाचा पाळक गावात राहत होता तोपर्यंत त्याची गरजच पडली नव्हती. शेवटी सरपंचांनी मध्यस्थी केली, बाजरीची एक पट्टी कापून ट्रॅक्टर नेला, नुकसानीचे पैसे आप्पांनी दिले आणि शेतकऱ्याने ते दुसऱ्या दिवशी परत आणून दिले.

खड्डा भिलाटीतल्या पोरांनी खणला. काळी माती, दोन फुटांवर पाणी, एक बाजू खणावी तर दुसरी ढासळते. सात जण तीन तास आळीपाळीने, बादल्यांनी पाणी काढत. दिवाळीनंतर मरण आलं असतं तर हे सातही जण उसात असते. भजनी मंडळाने ओट्यावर बसून दुपारभर गायलं, आधी त्यांचे अभंग, मग नर्सबाईंच्या मुलाने सांगितलं म्हणून टिळकांचं एक गीत, त्याला सगळ्या शब्दांची साथ नव्हती पण चालीची होती. पाळकसाहेब साडेपाचला भिजत पोचले, मोटारसायकल वाटेत बंद पडलेली, त्यांनी तशाच ओल्या कपड्यांत विधी केला. अंधार पडता पडता माती झाली.

मग पाळकसाहेबांनी विचारलं, दफनाची नोंद कुठे करायची?

रजिस्टर अठ्ठावीस किलोमीटरवरही नव्हतं, अजून पुढे शहरात होतं. आप्पांनी दुकानातून दोनशे पानी वही आणली, नवी, आणि पहिल्या पानावर नाव, वय, तारीख, वेळ, जागा, चिंचेपासून किती पावलं, हे सगळं लिहिलं. पाळकांनी सही केली, सरपंचांनी केली, खड्डा खणणाऱ्यांपैकी दोघांनी केली. एकाने अंगठा दिला. त्याखाली मी सही केली.

त्या रात्री मी घरी येऊन बंद करण्याची आमची फाईल परत काढली. साठ पानं. जागेची मोजणी, कौलांचा अंदाज, फर्निचरची यादी, बाक नऊ, पेटी एक, पेले चोवीस. माती कोण देणार, खड्डा कोण खणणार, वाट कुणाच्या शेतातून, वयाचा दाखला कुणाकडून, नाताळाची वांगी कोण देतं, एवढ्यातलं एकही अक्षर त्यात नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्याच्यासाठीच हे सगळं लिहिलं, की देऊळ बंद करताना इमारत सगळ्यात शेवटी येते. पहिलं काम देऊळ कुणाकुणाचं काय करत होतं ते विचारत फिरणं, तेही पावसाळ्याच्या तोंडावर, जेव्हा वस्त्या भरलेल्या असतात, आणि फक्त रजिस्टरात नाव असलेल्यांना नाही तर ओट्यावर बसणाऱ्यांनाही.

नंतर जे सुधारता आलं ते सुधारलं. रजिस्टरांसाठी अध्यक्षांनी स्वतः लक्ष घातलं, चारही रजिस्टरांचं पान न पान स्कॅन झालं, एक छापील प्रत बाइंडिंग करून गावात आली, दुसरी मोठ्या चर्चला. याला पाच महिने गेले, मे महिन्यात केलं असतं तर दोन दिवस लागले असते. मावशींना पेन्शन सुरू झाली. घंटेचा ठराव झाला, मालकी ट्रस्टची, देखभाल गावाची, जागेवरून हलवायची नाही. इमारतीचं अजून ठरलेलं नाही, ओट्यावर बायकांच्या बचत गटाची मीटिंग भरते, आत कुलूप आहे, आणि या पावसाळ्यात मागच्या बाजूची कौलं बसतील असं मिस्त्री म्हणतो. सुरतेवाल्यांनी ग्रुपवर पैसे जमवायला घेतलेत, छपरासाठी नाही, दफनभूमीच्या कुंपणासाठी. त्यात सतरंजीवाल्या घरांनीही दिले, यादीत त्यांच्यासमोर नुसतं "गाव" असं लिहिलंय.

भिलाटीतली शब्बाथ शाळा बंद पडली, ती परत सुरू करता आली नाही. अठ्ठावीस किलोमीटर लहान पोरांना कोण नेणार. दोन मुली आहेत बारावी झालेल्या, त्या म्हणतात आम्ही घेतो पण त्याही दिवाळीनंतर आईबापाबरोबर तोडीला जातात. याला माझ्याकडे उत्तर नाही.

दफनभूमीचा ठराव 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत एकमताने मंजूर झाला, वाट आणि अकरा गुंठे दोन्ही. बाजरीवाल्या शेतकऱ्याने स्वतः उठून संमती दिली. ठरावाची नक्कल जोडून उताऱ्यावरची नोंद दुरुस्त करायचा अर्ज तहसीलला दिलाय, तलाठी म्हणाले जुना फेरफार सापडल्याशिवाय पुढे सरकत नाही, अभिलेख कक्षातून नक्कल काढा. त्याची फी भरलीय, बुधवारी परत साक्रीला जायचंय. वहीत आता तीन नोंदी आहेत, ती आप्पांच्या दुकानात गल्ल्याखालच्या खणात असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून.